लाहौल-स्पिती : एका विरळ जिल्ह्याची लोकसंख्या आणि राज्यकारभार

आपल्याकडील बौद्ध वाचकांस ताबो हे नाव बहुधा परिचित असते. इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला हा विहार, त्यातील मृत्तिकेच्या मूर्ती व भित्तिचित्रे आणि महान अनुवादक रिन्चेन झांगपो यांच्या कालखंडाशी असलेला त्याचा संबंध यांविषयी मराठीतही थोडेफार लिहिले गेले आहे. परंतु ज्या जिल्ह्यात हा विहार उभा आहे, तेथे आज किती माणसे राहतात, त्यांचा कारभार कसा चालतो, जमीन कोणाच्या नावावर असते आणि जातीचे स्थान काय आहे, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. हिमालयातील बौद्ध प्रदेश म्हणजे केवळ विहार, लामा आणि हिमशिखरे, अशी एक समजूत आपल्या मनात घर करून बसली आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तेथील विहारांचा नव्हे, तर जनगणनेच्या नोंदवह्यांचा व महसुली दप्तराचा मार्ग धरणार आहोत.

हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती हा जिल्हा क्षेत्रफळाने त्या राज्यात सर्वांत मोठा आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे संपूर्ण राज्याच्या जवळजवळ एक चतुर्थांश आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या मात्र ३१,५६४ इतकीच भरली. तुलनेसाठी आपल्या गडचिरोली जिल्ह्याकडे पाहावे. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ तेवढेच आहे. आणि गडचिरोलीस आपण विरळ वस्तीचा जिल्हा म्हणतो. तरीही त्याच जनगणनेत तेथे १० लाख ७२ हजारांहून अधिक लोक होते. गडचिरोलीत दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे, तर लाहौल-स्पितीत अवघी दोन. देशातील तेव्हाच्या ६४० जिल्ह्यांत लोकसंख्येच्या दृष्टीने याचा क्रमांक शेवटून तिसरा होता. जनगणनेच्या व्याख्येत बसेल असे एकही शहर या जिल्ह्यात नव्हते. जिल्ह्याचे मुख्यालय केलांग हेदेखील जनगणनेच्या दृष्टीने गावच होय.

हा जिल्हा म्हणजे वस्तुतः दोन निराळे प्रदेश आहेत. पश्चिमेकडे चंद्रा आणि भागा या नद्यांच्या व त्यांच्या संगमापुढील चंद्रभागेच्या खोऱ्यात लाहौल वसलेले आहे. (आपल्या पंढरपूरच्या चंद्रभागेशी या नदीचे केवळ नामसाम्य आहे, हीच नदी पुढे चिनाब म्हणून ओळखली जाते.) पूर्वेकडे स्पिती नदीचे खोरे आहे. दोहोंमध्ये सुमारे साडेचार हजार मीटर उंचीची कुंझुम खिंड आहे आणि ती हिवाळ्यात बंद असते. २०११ साली लाहौलमध्ये सुमारे एकोणीस हजार, तर स्पितीत सुमारे साडेबारा हजार लोक राहत होते. स्पिती जवळजवळ संपूर्ण बौद्ध आहे. लाहौलमध्ये बौद्ध व हिंदू दोन्ही असून, त्रिलोकनाथच्या मंदिरात एकाच मूर्तीस काही जण अवलोकितेश्वर म्हणून, तर काही जण शिव म्हणून वंदन करतात. जिल्ह्याचा एकत्रित हिशेब केला तर ६२ टक्के बौद्ध व जवळजवळ ३७ टक्के हिंदू असे प्रमाण निघते. हिमाचल प्रदेशातील ७८,६५९ बौद्धांपैकी सुमारे एक चतुर्थांश येथे होते. महाराष्ट्रातील ६५ लाखांहून अधिक बौद्धांच्या तुलनेत ही संख्या अगदीच किरकोळ वाटेल. तथापि बौद्ध बहुसंख्य असलेले जिल्हे आपल्या देशात बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, आणि महाराष्ट्रात तर असा एकही नाही. बौद्ध जेथे अल्पसंख्य नाहीत, तेथे समाजाचे काय होते, हे पाहण्यासाठी म्हणूनच हा जिल्हा आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

प्रथम संख्येचाच विचार करू. २००१ साली या जिल्ह्याची लोकसंख्या ३३,२२४ होती. दहा वर्षांनी ती ३१,५६४ झाली. म्हणजे पाच टक्क्यांची घट झाली. ही घट पाहून 'हिमालयातील बौद्ध नामशेष होत आहेत' असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु स्त्री-पुरुषांचे आकडे वेगळे केले की चित्र बदलते. २००१ मध्ये दर हजार पुरुषांमागे ८०२ स्त्रिया होत्या. २०११ मध्ये हे प्रमाण ९०३ झाले. या प्रमाणावरून हिशेब केल्यास २००१ मध्ये स्त्रिया सुमारे १४,७८० व पुरुष सुमारे १८,४४० येतात. २०११ मध्ये स्त्रिया १४,९७६ व पुरुष १६,५८८ होते. म्हणजे स्त्रियांची संख्या कमी झालेली नाही, उलट किंचित वाढलेली आहे. संपूर्ण घट पुरुषांची आहे.

हे पुरुष कोण, याचा उलगडा जनगणनेच्या पद्धतीत सापडतो. देशाच्या अन्य भागांत २०११ च्या गणनेचा संदर्भ-दिनांक १ मार्च २०११ होता. हिमाच्छादित प्रदेशात मात्र मार्चमध्ये घरोघर जाणे शक्य नसल्याने तेथील गणना सप्टेंबर २०१० मध्ये उरकण्यात आली आणि १ ऑक्टोबर २०१० हा संदर्भ-दिनांक धरला गेला. सप्टेंबर हा तेथील कामाचा ऐन हंगाम होय. बिहार, झारखंड आणि नेपाळ येथून आलेले मजूर रस्त्यांच्या कामांवर व शेतांत असतात. त्यांत पुरुषांचाच भरणा अधिक असतो. जे मजूर कित्येक महिने तेथे राहत असतात, त्यांची गणना तेथेच होते. त्या वर्षी रस्त्यांची कामे किती निघाली, यावर जिल्ह्याची लोकसंख्या हजार-दीड हजारांनी कमी-अधिक होऊ शकते. हे आमचे अनुमान आहे, परंतु त्यास दुजोरा देणारा आणखी एक आकडा उपलब्ध आहे. सहा वर्षांखालील बालकांत २०११ साली दर हजार मुलग्यांमागे १,०३३ मुली होत्या. मुलग्यांपेक्षा मुली अधिक असणारा जिल्हा देशात विरळाच. स्त्री-भ्रूणहत्येने अनेक सधन जिल्ह्यांतील मुलींचे प्रमाण ढासळत असताना येथे ते तसे ढासळले नाही. तेव्हा प्रौढांतील स्त्रियांची टंचाई येथील कुटुंबांनी निर्माण केलेली नसून ती बाहेरून येणाऱ्या श्रमिकांमुळे दिसते, असे मानण्यास आधार आहे.

याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. लाहौलमधील अनेक कुटुंबांची कुलू खोऱ्यात दुसरी घरे व बागा आहेत. हिवाळ्यात वृद्ध व गुरे राखणारी माणसे मागे ठेवून कित्येक जण खाली उतरतात. म्हणजे सप्टेंबरात मोजले तर बाहेरचे मजूर गणतीत येतात, आणि मार्चमध्ये मोजले असते तर गावचेच लोक गणतीतून सुटले असते. आगामी जनगणनेसाठी शासनाने २०२५ साली जी अधिसूचना काढली, तीतही हिमाच्छादित प्रदेशांसाठी १ ऑक्टोबर २०२६ व उर्वरित देशासाठी १ मार्च २०२७ हे संदर्भ-दिनांक ठरविण्यात आले. या गणनेत जातीचीही नोंद व्हावयाची, असे ठरले. त्याचे या जिल्ह्यातील महत्त्व पुढे येईलच.

आता कारभाराकडे वळू. १८४६ साली पहिल्या इंग्रज-शीख युद्धानंतर हा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. लाहौल पूर्वीपासून कुलूशी, तर स्पिती लडाखशी जोडलेली होती. इंग्रजांनी दोन्हींचा समावेश कांगडा जिल्ह्यात केला. परंतु इतक्या दूरच्या मुलखात स्वतःचे अधिकारी बसविण्याचा खर्च त्यांना करावयाचा नव्हता. लाहौलमध्ये त्यांनी ठाकूर घराण्यांकडे कारभार सोपविला. स्पितीसाठी १८७३ साली एक स्वतंत्र विनियम केला गेला. त्यान्वये क्युलिंग येथील वंशपरंपरागत नोनो हा स्पितीचा अधिकारी ठरला. सारा गोळा करणे हे त्याचे काम. आणि खुनाचा अपवाद वगळता अन्य अपराधांचा निवाडा दंड करून तो स्वतःच करीत असे. त्याच्या हाताखाली पाच कोठ्या होत्या व प्रत्येक कोठीतील गावांचे वृद्ध प्रमुख त्यास साहाय्य करीत.

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकास ही व्यवस्था अनोळखी वाटत नाही. जातककथांतील 'गामभोजक' नेमका असाच आहे. तो राजासाठी बलि, म्हणजे सारा, गोळा करतो, गावातील तंटे मिटवितो आणि दंडाच्या रकमेवर स्वतःचे पोट भरतो. कुलावक जातकात तर या व्यवस्थेचे मर्मच उघडे केले आहे. मघ नावाचा तरुण व त्याचे सोबती शीलाचे पालन करू लागतात, रस्ते दुरुस्त करतात, पाणपोया व धर्मशाळा बांधतात. गावातील मद्यपान व भांडणे थांबतात. तेव्हा सर्वांत अस्वस्थ होतो तो गामभोजक, कारण मद्यावरचे व दंडाचे त्याचे उत्पन्न बुडते. तो राजाकडे जाऊन या तरुणांना चोर ठरवितो. ज्याचे उत्पन्न दंडावर अवलंबून आहे, त्यास गावाची सुधारणा परवडत नाही, हे जातककाराने ओळखले होते. स्पितीचा प्रत्येक नोनो तसा होता, असे आम्हांस सुचवावयाचे नाही. परंतु न्याय आणि वसुली एकाच वंशपरंपरागत हाती देणारी रचना विसाव्या शतकापर्यंत एका बौद्ध प्रदेशात टिकून राहिली, ही वस्तुस्थिती आहे; आणि ती इंग्रजांनी कायद्याने दृढ केली.

१९४१ साली या प्रदेशाची वेगळी उपतहसील करून केलांग येथे नायब तहसीलदार नेमला गेला. स्वातंत्र्यानंतर १९६० साली पंजाब राज्याने लाहौल-स्पितीस स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा दिला. तिबेटमधील घडामोडींनंतर सीमेकडे शासनाचे लक्ष वेधले गेले होते, हे त्यामागील एक उघड कारण होय. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबच्या पुनर्रचनेत हा जिल्हा हिमाचल प्रदेशात आला. पुढे १९७५ च्या आदेशाने संपूर्ण जिल्हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्र म्हणून घोषित झाला. शेजारचा किन्नौर आणि चंबा जिल्ह्यातील पांगी व भरमौर हे भागही त्यातच मोडतात.

आज जिल्ह्याचा उपायुक्त केलांग येथे बसतो. आपल्याकडे ज्यास जिल्हाधिकारी म्हणतात, तोच हा अधिकारी. केलांग, उदयपूर व काझा असे तीन उपविभाग आहेत. त्यांपैकी स्पितीसाठी काझा येथे अतिरिक्त उपायुक्त असतो, आणि त्याचे स्थान साध्या उपविभागीय अधिकाऱ्यापेक्षा बरेच वरचे आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिमाचल शासनाने आदिवासी क्षेत्रांत 'एकेरी प्रशासन' सुरू केले. आपल्या तालुक्याच्या गावी शेतीखात्याचा अधिकारी जिल्ह्याच्या शेती अधिकाऱ्याकडे, बांधकामखात्याचा आपल्या वरिष्ठ अभियंत्याकडे आणि शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे पाहत असतो. काझा येथे मात्र या सर्व खात्यांचे नियंत्रण त्या एका अधिकाऱ्याकडे देण्यात आले.

याचे कारण भूगोलात आहे. केलांग ते काझा हे अंतर दोनशे किलोमीटरपेक्षा कमी आहे. परंतु कुंझुम खिंड बंद झाली की काझाहून जिल्ह्याच्या मुख्यालयी जाण्यासाठी किन्नौरमार्गे खाली उतरून, निम्म्या राज्यास वळसा घालून यावे लागते. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषध संपले आणि मागणीपत्रास वरिष्ठांची सही हवी असली, तर ती सही वसंत ऋतूपर्यंत मिळू नये, अशी ही परिस्थिती होती. लाहौलची स्थितीही फारशी वेगळी नव्हती. रोहतांग खिंड बंद झाली की गंभीर रुग्णास सरकारी हेलिकॉप्टरच्या फेरीची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालील ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि लाहौलचा हा कोंडवाडा बऱ्याच अंशी फुटला. स्पितीस मात्र कुंझुमच्या बाजूने असा मार्ग मिळालेला नाही. एकाच जिल्ह्याच्या दोन भागांतील अंतर बोगद्यामुळे एका अर्थी वाढलेच आहे.

एकेरी प्रशासनाचा लाभ निर्विवाद आहे. तथापि सर्व खाती एका हाती आल्याने, तो एक अधिकारी उत्तम असेल तर सर्व सुरळीत आणि तसा नसेल तर दाद मागण्याचे ठिकाण पुन्हा त्याच्याच दारी, असा पेच उरतो. यावर उतारा म्हणजे ग्रामसभा. अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठी १९९६ साली संसदेने केलेला कायदा ग्रामसभेस जमीन, पाणी व गौण खनिजे यांबाबत बोलण्याचा अधिकार देतो. वज्जींच्या सात अपरिहानीय धम्मांत वारंवार व मोठ्या संख्येने एकत्र जमणे हा पहिला धम्म सांगितला आहे, हे वाचकांस स्मरत असेलच. जेथे हिवाळ्यात एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे दुरापास्त, तेथे ही सभा किती वेळा आणि किती भरते, यावर त्या कायद्याचे सगळे भवितव्य अवलंबून आहे.

प्रतिनिधित्वाच्या बाबतीत जिल्हा अपवादात्मक सुदैवी म्हणावा लागेल. विधानसभेच्या ६८ जागांपैकी एक अनुसूचित जमातीसाठी राखीव जागा या संपूर्ण जिल्ह्याची आहे, आणि तिचे मतदार सुमारे पंचवीस हजारच आहेत. स्पितीतील ताशिगंग येथे १५,२५६ फूट उंचीवर काही डझन मतदारांसाठी स्वतंत्र मतदान केंद्र उभारले जाते. १९७२ साली लता ठाकूर या येथून निवडून आल्या. त्यानंतर दुसरी स्त्री, अनुराधा राणा, निवडून येण्यास २०२४ साल उजाडावे लागले. मुलींचे प्रमाण मुलग्यांहून अधिक असलेल्या जिल्ह्याची ही पन्नास वर्षांची कथा आहे. ती आपणांस थेट जमिनीच्या प्रश्नाकडे नेते.

स्पितीतील जुन्या रूढीनुसार घर व शेती ज्येष्ठ पुत्राकडे जाते. तो विवाह करून मोठ्या घराचा, 'खांगचेन'चा, धनी झाला की आईवडील लहान घरात, 'खांगचुंग'मध्ये, राहावयास जातात. धाकटे पुत्र विहारात जातात. मुलींपैकी काही विवाहित होतात, काही अविवाहित राहून घरकाम करतात, काही भिक्खुणीसंघाच्या वाटेने जातात. लाहौलमध्ये भावाभावांत मिळून एक पत्नी करण्याची चाल होती. तिचाही हेतू जमिनीचे तुकडे होऊ न देणे हाच होता. इतक्या उंचीवर बर्फ वितळून आलेल्या पाण्यावर पिकणारी जमीन थोडी, पाण्याचे पाट थोडे, आणि त्या पाटांतील पाण्याचे वाटेही जुन्या मोठ्या घरांकडेच. घरांची संख्या वाढू न देणे हा त्या समाजाने काढलेला तोडगा होता. लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासकांना या व्यवस्थेचे मोठे कौतुक वाटते.

आमचे मत थोडे निराळे आहे. विनयाच्या दृष्टीने पब्बज्जा ही स्वेच्छेची बाब होय. राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाच्या विनंतीवरून आईवडिलांची अनुमती आवश्यक ठरविली गेली, हे खरे. परंतु जन्माचा क्रम पाहून कोणी चीवर घ्यावे, असे विनयात कोठेही नाही. जन्माने ब्राह्मण होत नाही, असे सांगणाऱ्या शास्त्याच्या संघात जन्मक्रमाने भिक्खू व्हावे, ही रूढीची करामत आहे, धम्माची नव्हे. सुदैवाने हे चित्र पालटत आहे. १९६८ च्या नौतोड नियमांखाली शासनाने भूमिहीन व अल्पभूधारकांस पडीक जमीन लागवडीसाठी दिली; धाकट्या भावांनी वेगळी घरे मांडली. लाहौलमध्ये बियाण्याचा बटाटा व स्पितीत हिरवा वाटाणा ही रोख पैशाची पिके आली. शाळा व सरकारी नोकऱ्या आल्या. १९८० च्या वनसंरक्षण कायद्याने मात्र नौतोडचा मार्ग अडविला, कारण तेथील जवळजवळ सर्व पडीक जमीन कागदोपत्री वन ठरते. पाचव्या अनुसूचीनुसार संसदेचा एखादा कायदा अनुसूचित क्षेत्रास लागू होणार नाही, असे राज्यपाल अधिसूचनेने ठरवू शकतात. म्हणूनच या प्रश्नावर तेथील लोकांची नजर वारंवार राजभवनाकडे लागते.

धाकट्या भावांचा प्रश्न असा काही अंशी सुटला, तरी बहिणींचा सुटलेला नाही. जिल्ह्यातील वारसाहक्क महसुली दप्तरात नोंदविलेल्या रूढींप्रमाणे, 'वाजिब-उल-अर्ज'प्रमाणे, चालतो आणि त्या रूढी मुलीस वडिलोपार्जित जमिनीत वाटा देत नाहीत. येथे कायद्याची एक गुंतागुंत समजावून घेणे आवश्यक आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ हा बौद्धांनाही लागू आहे. म्हणून नागपूरची किंवा औरंगाबादची बौद्ध कन्या पित्याच्या मिळकतीत वाटा मागू शकते. परंतु त्याच कायद्याच्या कलम २(२) अन्वये तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. केंद्र शासनाने तशी अधिसूचना काढली तरच होतो. लाहौल-स्पितीतील ८१ टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींत मोडतात. परिणामी तेथील बौद्ध कन्येस तो अधिकार नाही. ज्या हिंदू संहिता विधेयकासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपदाचा त्याग केला, त्यातील कन्येच्या वारसाहक्काचे तत्त्व देशातील या बौद्धबहुल जिल्ह्याच्या वेशीवर येऊन थांबले आहे.

२०१५ साली हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने राज्याच्या आदिवासी क्षेत्रांतील मुलींना या कायद्याप्रमाणे वारसा मिळावा, असा निर्देश दिला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कलम २(२) चे शब्द स्पष्ट आहेत, आणि न्यायालय अधिसूचनेची जागा घेऊ शकत नाही, हा त्यामागील विचार कायद्याच्या दृष्टीने चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु त्यामुळे जबाबदारी कोणाची, हेही तितकेच स्पष्ट झाले. ती केंद्र शासनाची व तेथील समाजाची आहे. मुलींना जमीन दिली तर ती परक्यांच्या हाती जाईल, असा युक्तिवाद केला जातो. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींस विकणे, गहाण टाकणे, दान देणे वा पट्ट्याने देणे यांवर हिमाचलमध्ये १९६८ च्या कायद्यानेच निर्बंध आहे. राहता राहिला बाहेर विवाह केलेल्या कन्येच्या अपत्यांचा प्रश्न. त्यासाठी नेमकी तरतूद करता येईल. सर्वच मुलींना वगळण्याचे ते कारण होऊ शकत नाही. शिवाय रूढीलाही स्त्री-वारस अपरिचित नाही. पुत्र नसलेल्या घरात मुलगी घराची धनीण होते व तिचा पती घरजावई, 'मकपा', म्हणून येतो. भाऊ असला की मात्र तिची ती पात्रता नाहीशी होते.

जातीचा प्रश्न आम्ही शेवटी ठेवला, कारण आपल्या वाचकांस तो सर्वाधिक अस्वस्थ करील. बौद्ध बहुसंख्य असलेल्या या जिल्ह्यात जातिभेद आहे. स्पितीत सर्वांत वर नोनो, त्यांखाली भूधारक शेतकरी आणि त्यांखाली लोहारकाम करणारे 'झो' व वादन करणारे 'बेदा'. वरच्यांशी त्यांचा रोटी-बेटी व्यवहार रूढीने होत नाही, आणि जुन्या जमिनीत व पाण्यात त्यांचा वाटा नगण्य असतो. लाहौलमध्ये चिनाल व लोहार यांची स्थिती तशीच. २००२ च्या दुरुस्ती कायद्याने हिमाचलच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'बेटा, बेदा' आणि 'डोंबा, गारा, झोबा' ही नावे जोडली गेली. त्या यादीत 'भोट, बोध' हे नाव आधीपासून होतेच. धर्म एक, विहार एक, भाषा बहुधा एक. तरीही शासनास त्यांची नावे निराळी लिहावी लागली, ती समाजाने त्यांना निराळे ठेवले म्हणून.

लाहौलच्या चिनाल व लोहारांची एक बाब भाषेच्या अभ्यासकास विशेष लक्षणीय वाटते. भोवतालच्या वरिष्ठ समाजांच्या बोली तिबेटी-ब्रह्मी कुळातील आहेत. या अस्पृश्य मानलेल्या समाजांच्या बोली मात्र भारतीय-आर्य कुळातील, म्हणजे पालि, प्राकृत व मराठी यांच्या नात्यातील आहेत. अस्पृश्य म्हणजे आर्यांनी जिंकलेले अनार्य, या जुन्या सिद्धांताची येथे पुरती उलटापालट होते. अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही, हे बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयक ग्रंथात सप्रमाण मांडले होते. चंद्रभागेच्या काठच्या या लहानशा समाजाकडे त्या दृष्टीने कोणीतरी सविस्तर पाहावयास हवे.

२०११ साली जिल्ह्यात अनुसूचित जातींचे प्रमाण ७.०८ टक्के, म्हणजे सुमारे २,२३५ व्यक्ती इतके होते. येथे आपल्या इतिहासाशी एक ठळक फरक नोंदविला पाहिजे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील बौद्ध केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींस मुकले आणि त्या परत मिळण्यास १९९० ची घटनात्मक आदेशांतील दुरुस्ती यावी लागली. अनुसूचित जमातीचा दर्जा मात्र धर्मावर अवलंबून नसतो. म्हणून 'बोध' जमातीच्या माणसास बौद्ध असल्यामुळे काही गमवावे लागले नाही. तर त्याच खोऱ्यातील चिनालाने स्वतःस बौद्ध लिहविले असते, तर १९९० पूर्वी त्याचा अनुसूचित जातीचा दाखला धोक्यात आला असता. धर्माच्या रकान्यात काय लिहावे, हा प्रश्न त्याच्यासाठी केवळ श्रद्धेचा नव्हता. जातीची नोंद करणारी गणना ठरली असताना हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे. १९९० नंतर तो अडसर उरलेला नाही. धर्म बौद्ध आणि जात चिनाल, अशी नोंद केल्याने कोणताही हक्क जात नाही. ही माहिती विदर्भातील खेड्यापाड्यांत कार्यकर्त्यांनी घरोघर पोहोचविली होती. कुंझुमच्या पलीकडे आणि अलीकडे ती कोणी सांगितली आहे किंवा नाही, हे गणनेच्या आकड्यांतूनच कळेल.